दादाच्या उजव्या हाताचं माप

चितेगावच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो. खिडकीशी कुणी हातमोजे मागायला आला की मी आधी विचारायचो, ‘कोणत्या मशीनवर?’ वेल्डिंगवाल्याला चामड्याचे, पत्रा उचलणाऱ्याला जाड सुताचे, ॲसिडच्या टाकीवर जाणाऱ्याला रबरी. ड्रिलवाल्याला काहीच नाही. थंडी कितीही असो, फोरमन स्वतः येऊन सांगो, ड्रिलवर जाणाऱ्याच्या हातात मी मोजे पडू द्यायचो नाही. पोरं वैतागायची. ‘ह्यांच्याकडं मोजे मागण्यापरीस ठाण्यात जबाब दिलेला बरा,’ म्हणायची. मी हसून सोडून द्यायचो. ही खोड मला कुठून लागली ते मी कुणाला सांगत नव्हतो. ती कंपनी आता राहिली नाही, माझीही पन्नाशी कधीच उलटली. सांगायचंय ते मात्र वेगळ्याच हातमोज्यांबद्दल. माझ्या थोरल्या भावाला मासे धरताना घालता येतील असे हातमोजे मी एका हिवाळ्यात शोधत होतो, त्याबद्दल.

दादाच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती, आणि तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. दोन्ही आमच्याच कंपनीत गेली. त्यानंतर त्याला गेटवर बसवलं होतं. तो हात तो खिशात ठेवायचा. खिसा नसला तर खांद्यावरची दस्ती त्यावर टाकायचा. रामराम करायचा तो डावा हात नुसता उचलून, त्यामुळं नवीन माणसाला तो घमेंडखोर वाटायचा. त्याचं लग्न ठरत आलं होतं, ते राहिलं ते राहिलंच. धाकटा असून माझं झालं. पुंडलिकनगरात तेव्हा नुकती घरं उठत होती. तिथल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची दादाची, मागची आमची.

आम्ही मूळचे पिशोरकडचे, मेंढरांवर जगलेलं घर. आमच्यात मासे धरायचं कुणाला ठाऊक नाही. ‘आपल्यात पान्यात हात घातला तो मेंढरं धुवाया,’ माय म्हणायची, ‘ह्याला हे कुठलं खूळ लागलं.’ पण गेटवर बसायला लागल्यापासून सुटीच्या दिवशी दादा पैठण रस्त्यानं पुढं, धरणाचं पाणी आत शिरलंय तिथं जाऊन बसू लागला. तिथल्या भोई लोकांचं बघून बघून शिकला. मला वाटतं, मासे हे निमित्त होतं. गळ टाकून बसलेल्या माणसाचा हात कुणी बघत नाही. जो तो पाण्याकडं बघतो.

त्याच्याकडं काठी नव्हती. नुसता तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा पारदर्शक दोरा, आणि टोकाला शिसं अन् गळ. दोरा अंगठ्याशेजारच्या बोटावरून घ्यायचा, कारण मासा कणकेच्या गोळीला तोंड लावतो ते त्या बोटालाच कळतं. उरलेला तळहाताला वळसा देऊन करंगळीकडून सोडायचा. दादाला करंगळी नव्हती. मासा ओढू लागला की दोरा घासायचा तो थेट तळहाताच्या कडेला, जिथं डॉक्टरांनी टाके घालून कातडी मिटवली होती तिथं. ती कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. थंडीत आपोआप भेगाळायची, त्यावर हा दोरा.

माझी बायको त्याच्याशी बोलत नसे. रागानं नव्हे, आमच्यात धाकट्याची बायको भायाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही, त्याच्या हाताला आपला हात लागू देत नाही. पदर पुढं ओढून ताट ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. काही सांगायचं असलं तर मला सांगायचं, किंवा भिंतीला. एका सोमवारी ती मोरीत धुणं धूत होती. म्हणाली, ‘भायांची दस्ती रक्तानं कडक झालीय. तुम्ही दिवसभर लोकांना हातमोजे वाटता, घरच्या माणसाला एक जोड आणता येत नाही?’

तिला काही ठाऊक नव्हतं. साधा बायकोचा टोमणा होता तो. मी न जेवता कामावर गेलो.

मग मी आणत सुटलो. त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल आता लागतो, मग लागतो, असं चाललं होतं. आज ह्यांचा बंद, उद्या त्यांचा. चौकात पोलिसांच्या गाड्या, बस कधी निघणार कधी नाही. कंपनीला अवचित सुट्या मिळायच्या, आणि मी दादाला माझ्या मोपेडवर मागं बसवून शहराबाहेर निघायचो. बरोबर दर वेळी एक नवा जोड. दादा त्याला हात लावायचा नाही. मीच घालून बघायचो.

आधी पांढरे सुती नेले. ते पाणी पिऊन जड झाले, बोटं गार पडली, आणि गळाला गोळी लावताना गळ सुतात असा अडकला की सोडवता सुटेना. दादा बघत होता. म्हणाला, ‘मासा ऱ्हाऊ दे. तूच गावला बघ आज.’

मग चामडी नेले. पहिल्या दिवशी बरे वाटले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळून असे झाले की ताटात वाढले असते तर शिळी भाकरी म्हणून कुणी मोडून बघितले असते. रबरी नेले तर आत घाम, बाहेर चिकट मासा, आणि दोऱ्यावर काय चाललंय ते बोटाला कळेचना. एक चांगली चिलापी हातातून निसटून परत पाण्यात गेली.

‘मासा हाय का नवरी?’ दादा म्हणाला. ‘दस्ताने घालून हात धराया चाललाय.’

‘तुझ्यासाठीच बघतोय ना.’

‘मला नाय लागत.’

‘रक्त निघतं दादा.’

‘निघतं तर निघतं. माझंच हाय.’

एवढं बोलून तो पाण्याकडं बघू लागायचा. हातमोज्यानंच आपली बोटं गेली, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

तरी माझ्या लक्षात येत गेलं की मासे धरायचे मोजे कसे पाहिजेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, ह्यांची टोकं उघडी पाहिजेत, नाहीतर मासा कळत नाही. तळहाताची कड जाड पाहिजे, दोरा तिथं घासतो. मऊ पाहिजेत, लवकर वाळणारे पाहिजेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हातावर घट्ट बसले पाहिजेत. ढिला मोजा वाईट. मला दिसायचं ते असं : बाजारातल्या प्रत्येक मोज्याला पाच बोटं असतात. दादाच्या हातावर त्यातली दोन रिकामी लोंबणार, दोरा त्यात गुंतणार. रिकामं लोंबणारं बोट माझ्या डोळ्यापुढून हलायचं नाही.

गुलमंडीकडं एक खेळाच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार म्हातारे, मेंदी लावलेली दाढी. मी मागणी सांगितली तशी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

‘मछली के वास्ते दस्ताने? मियाँ, अपने यहाँ तो मछली नंगे हाथ से पकडते, और नंगे हाथ से खाते भी.’

‘बडे भाई के लिए चाहिए,’ मी म्हणालो. ‘उनके एक हाथ को दो उंगलियाँ नहीं.’

परक्या माणसापुढं हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. म्हातारे उठले. शिडी लावून वर चढले आणि एक पातळ पिवळट जोड काढून फुंकर मारून माझ्यापुढं ठेवला. ‘ये क्रिकेट के कीपर लोगां बडे ग्लोज के अंदर पैनते. हात लगाके देखो, कैसा नरम है. बाकी की सिलाई घर की औरतां कर लेंगी. बाजार में सिला-सिलाया मत ढूंढो, मिलता नै.’

तो जोड खिशात घालून मी बाहेर आलो. आता बाजारात मिळत नाहीत ही सबब उरली नव्हती. इथं मला मागं जावं लागेल.

त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. मी आयटीआय करून स्टोअरला लागलो होतो, आणि माझ्यामागं गावाकडून दादालाही आणून पॅकिंगला चिकटवलं होतं. ड्रिलवर एक जण होता, दादाचा जिवलग. शहरातल्याच वस्तीतला, नामांतराच्या चळवळीत पहिल्यापासून. दोघांचा डबा एक. हा ठेचा आणायचा, तो बोंबील आणायचा, आणि दोघं एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवत सगळं संपवायचे. तेव्हाच्या एका हिवाळ्यात तो सत्याग्रहात जाऊन तुरुंगात बसला, आणि फोरमननं दादाला ड्रिलवर उभं केलं.

ड्रिलवर दिवसभर गार साबणाचं पाणी हातावर उडतं. दादाचे हात आधीच मेंढरांची लोकर कातरून भेगाळलेले. रक्त यायला लागलं. एका सकाळी खोलीवर तो पिशवी भरताना दिसला. ‘हे हात कंपनीचे नायत,’ म्हणाला. ‘मी जातो मेंढरांमागं.’

मी घाबरलो. तो गेला असता तर मी ह्या शहरात एकटा पडलो असतो. त्यापेक्षा खरं सांगायचं तर, तो गेला असता तर मायनं मलाही बोलावून घेतलं असतं, आणि मला परत जायचं नव्हतं. त्या दिवशी मी स्टोअरमधून जाड विणीचे मोजे काढले आणि कुणाला न विचारता त्याच्या हातात ठेवले. ‘हे घाल. दोनचार दिवसांचा तर प्रश्न आहे, तुझा दोस्त सुटून येईल.’

आयटीआयत पहिल्याच दिवशी मास्तरांनी आम्हाला ड्रिलपुढं उभं करून विचारलं होतं, ‘बोट पाहिजे का मोजा पाहिजे?’ फिरत्या मशीनला मोजा लागला तर मशीन मोजा धरतं आणि मोज्याबरोबर हात. एका पोराच्या मनगटातला गंडा त्यांनी तिथंच कापून टाकला होता. हे मला ठाऊक होतं. दादा आयटीआयला गेला नव्हता. त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, भावानं दिलेत म्हणजे बरोबरच असणार.

त्या मोज्यांची बोटं त्याला लांब पडत होती.

साहेबांनी विचारलं तेव्हा घाटी दवाखान्यातल्या खाटेवरून दादा म्हणाला, ‘मीच इकत घेतले, पैठण गेटला.’ न विचारता सामान दिलं म्हणून माझी नोकरी जाऊ नये, एवढाच त्याचा विचार. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी मान खाली घातली.

आणखी एक सांगायचंय, ते ह्याहून वाईट आहे. त्याचा दोस्त तुरुंगातून सुटला तसा पिशवीभर मोसंब्या घेऊन थेट घाटीत आला. माय गावाकडून आलेली होती. तिनं पिशवी त्याच्या हातात परत दिली. ‘तुमचं नाव लागंल तवा लागंल,’ म्हणाली, ‘माझ्या लेकाचा हात गेला. तू मशीन सोडून गेला नसतास तर हा कशाला उभा राह्यला असता तिथं?’

एवढंच बोलायचं होतं मला की माय, ह्याचा काही संबंध नाही. तो असता तर त्यानं ते मोजे काढून फेकले असते. मी बोललो नाही. दोष त्याच्यावर बसत होता, आणि तिथं तो बसला तर माझ्याकडं येत नव्हता. गावभर तेच झालं : त्यांच्या मोर्चापायी आपल्या पोराची बोटं गेली. मी कधी कुणाला अडवलं नाही. खरं बोललं तर माझं नाव निघेल म्हणून असेल, दादानंही दोस्ताशी बोलणं टाकलं. पुढं हा गेटवर, तो आतबाहेर करणार, रोज समोरासमोर, आणि दोघांत एक शब्द नाही. दोघांचा डबा सुटला.

हे सगळं पोटात ठेवून मी तो पिवळा जोड बायकोपुढं ठेवला. तिच्या माहेरची शिलाई मशीन होती. तिनं उलटसुलट करून बघितला.

‘माप लागेल,’ ती म्हणाली. ‘अंदाजानं कापला तर वाया जाईल.’

‘मी घेतो माप.’

‘तुम्हाला येतंय का? बोटाच्या बुडाचं माप पाहिजे, टाक्यांच्या कडेचं पाहिजे.’ तिनं जोड खाली ठेवला. मग आत गेली, परातीत ज्वारीचं पीठ पसरून हातानं सारखं केलं, परात दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर ठेवली आणि स्वयंपाकाकडं तोंड करून उभी राहिली. ‘भायांना म्हणावं, ह्याच्यात हात ठेवा. दोन्ही. मी बघत नाही.’

पुढच्या खोलीत दादा ऐकत होता. मला वाटलं, आता उठून बाहेर जाईल. पण भावजयीनं लग्न होऊन आल्यापासून त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच. तो उंबऱ्यापाशी येऊन उकिडवा बसला. आधी डावा हात ठेवला. मग उजवा खिशातून काढला. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्या हाताला उजेड लागलेला मी बघितला नव्हता. त्यानं तो पिठावर ठेवला, हळूच दाबला, उचलला, दस्तीला पुसला.

‘झालं म्हणा,’ तो भिंतीला म्हणाला.

बायको वळली. खाली बसली. पिठात दोन हात उमटले होते, एक पाच बोटांचा, एक तीन बोटांचा. तिनं सुतळीनं माप घेतलं, पिठाला कुठं धक्का लागू न देता. खूप वेळ लावला तिनं. मग मी बघतोय तोवर पिठातल्या त्या दोन्ही हातांवर पाणी शिंपडून तिनं ते पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली. दादानं पहिली भाकरी मोडली तेव्हा मला वाटतं त्याला कळलं होतं. तो नेहमीपेक्षा एक जास्त जेवला.

मोजे तयार झाले. उजव्याची दोन बोटं तिनं बुडापाशी कापून आत दुमडून अशी मिटवली की शिवण हाताला लागू नये. कडेला सायकलच्या ट्यूबचा मऊ तुकडा लावला. अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची टोकं उघडी. डावाही केला. मी म्हणालो, ‘डावा कशाला, एकच पुरे होता.’ ती म्हणाली, ‘एकच मोजा देत्यात का कुणाला? अपशकुनी दिसतं.’

रविवारी पाण्यावर गेलो. थंडी चांगली होती, पाण्यावरून वाफ निघत होती. दादानं मोजे घातले नाहीत. खिशातून काढले, मांडीवर ठेवले, त्यांच्याकडं बघत राहिला. गळ अजून टाकला नव्हता.

‘पोरं गेटवर बोलत्यात,’ तो म्हणाला. ‘म्हंत्यात, तुझा भाऊ ड्रिलवाल्याला मोजे देत नाय.’

‘नाही देत.’

‘माझं झाल्यापासनं देत नाय, का आधीपासनं ठावं हुतं तुला?’

त्यानं हे रागानं विचारलं नाही. वाट विचारावी तसं विचारलं. मी खोटं बोललो असतो तर त्यानं ते घेतलं असतं, आणि मोजेही घातले असते कदाचित. मी त्या मिटवलेल्या शिवणीकडं बघत होतो.

‘आधीपासून,’ मी म्हणालो. ‘आयटीआयत सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी.’

काठावर एक बगळा होता, तो दोनदा जागा बदलून बसला.

‘मग दिलेस कशापायी?’

‘तू गावाला निघाला होतास.’

दादानं मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून ते मला कळलं नाही. मग म्हणाला, ‘मी नसतो गेलो रं. पिशवी भरत हुतो नुसती. तू ऱ्हा म्हनशील म्हनून.’

तोच पुढं बोलला. ‘त्याला सांगितलं का?’

‘कुणाला?’

‘कुणाला म्हनं.’ पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. ‘मला सांगून काय उपेग हाय? माझा हात गेला तो गेला. त्याचं काय गेलं ते त्याला इचार. त्याला सांग आधी. मग हे मोजे.’ आणि ते परत खिशात घालून त्यानं उघड्या हातानं गळ टाकला.

त्या संक्रांतीला नामविस्तार जाहीर झाला. शहर कसं घेतंय ते कुणाला ठाऊक नव्हतं, चार दिवस सगळे दबकून होते. रस्ते जरा मोकळे झाल्यावर मी बायकोनं बांधून दिलेला तिळगूळ घेऊन त्याच्या वस्तीत गेलो. गल्लीत अजून पताका होत्या, पायाखाली गुलालाचा चिखल. तो दारात खाटेवर बसला होता. मला बघून त्यानं पाय खाली घेतले नाहीत.

‘काय, स्टोअरवाले? वाट चुकले का?’

मी उभ्यानंच सांगितलं. बसून सांगता आलं नसतं. मोजे कुणी दिले, काय ठाऊक असताना दिले, मायपुढं का गप्प बसलो, सगळं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिच्यासमोरही थांबलो नाही. सांगून झाल्यावर तो खाटेवर सरकला, मला जागा करून दिली, पण बस म्हणाला नाही. मी बसलो.

‘मला वाटायचं, नामांतराचा राग काढतोय हा,’ तो म्हणाला. ‘मी मोजे मागायला आलो की तू तोंड फिरवायचास. लोखंडाचा जॉब उचलायला मागितले तरी नाय. मी घरी येऊन हिला म्हणायचो, बघ, मोज्यातसुदिक जात बघत्यात.’

‘मला तुझ्या तोंडाकडं बघवायचं नाही.’

‘ते आता कळालं. आधी कसं कळणार?’ त्यानं तिळगुळाची पुडी हातात फिरवली, उघडली नाही. ‘त्या मोसंब्या. घरी परत आणल्या तर ही म्हणली, का, घेतल्या नाहीत? मी म्हणलं, पेशंटला आंबट चालत नाय.’ दारातल्या बायकोकडं बघून तो म्हणाला, ‘आजपर्यंत तेच सांगत आलो हिला.’

बायको आत गेली. थोड्या वेळानं चहा आला, दोन कप.

निघताना तो म्हणाला, ‘दादाला सांग, रविवारी येतो पाण्यावर. तुला माफ केलं म्हणून नाय हां. मासे खायला.’

तो आला. सायकल काठावर आडवी टाकून दादाच्या शेजारी बसला. इतक्या वर्षांनी दोघं काय बोलतील म्हणून मी कान देऊन होतो. दादा म्हणाला, ‘बोंबील आनलाय का?’ तो म्हणाला, ‘पाण्यावर बसून वाळका मासा खातो का भाड्या?’ एवढंच. मग दादानं खिशातून मोजे काढले. उजवा घातला. बोटं एकेक करून नीट बसवली, मूठ मिटून उघडून बघितली. डावा मोजा त्यानं दोस्ताच्या मांडीवर टाकला. ‘हा तुला. मला डाव्याला काय लागत नाय. शिंगाडा मासा गावला तर तू धर, त्याचा काटा लई वाईट.’

मी मागं बसून कणकेच्या गोळ्या करत होतो. मला कुणी काही दिलं नाही, आणि ते बरोबर होतं.

संध्याकाळी मोपेडवर मागून दादा म्हणाला, ‘मायला मी सांगतो. तू मधी पडू नको.’ तो एकटाच पिशोरला जाऊन आला. काय सांगितलं ते बोलला नाही. पण आठवड्याभरात मायचा निरोप आला, हुरड्याला या, आणि त्यालाबी घेऊन या.

रानात शेणकुटांची आगटी पेटवून माय कणसं भाजत होती. पहिला हुरडा तिनं चोळला आणि दोस्ताच्या ओंजळीत घातला. ‘घे बाबा,’ म्हणाली. त्यानं घेतला. दादा मोजा घालून बसला होता, गरम कणसं तोच चोळत होता, आणि तेही हात खिशाबाहेर काढून, सगळ्यांदेखत. मायनं तो मोजा मागून घेतला. उलटा केला. आयुष्यभर लोकर कातलेली तिची बोटं त्या मिटवलेल्या शिवणीवरून पुन्हा पुन्हा फिरली. ‘टाका बारीक हाय सुनंचा,’ ती म्हणाली आणि मोजा परत दिला.

दादानं तिला सगळं सांगितलं होतं का मला झाकून अर्धंच सांगितलं होतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मायलाही नाही. आता माय नाही, आणि ते कळायचा रस्ताही नाही. एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा तिनं विस्तवावरचं कणीस तसंच हातात चोळलं, आणि दाणे फुंकून गार न करता माझ्या तळहातावर ओतले. मी हात मागं घेतला नाही. ओठ मिटून बसलो.

ती माझ्याकडं बघत होती. ‘तुझं हात मऊच ऱ्हायलं,’ ती म्हणाली. ‘भाजलं तर सांगावं रं. गप बसू नये.’

‘भाजतंय, माय.’

तिनं माझं मनगट धरलं, हात तोंडाजवळ ओढला आणि त्यावर फुंकर घालत राहिली.